मासे कोणत्या राज्यात जास्त?

मासे महाराष्ट्रात जास्त की मध्य प्रदेशात, हा प्रश्न नागपूरच्या आमच्या तांडापेठेत आजवर कुणाला पडला नव्हता. मासे बाजारात जास्त, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पण यंदा पावसाळ्यात तो प्रश्न उभा राहिला, आणि दिवाळीनंतर त्याचा निकाल लावायला वामनराव आणि मी माझ्या जुन्या गाडीतून दोन राज्यं पालथी घालून आलो. जे तिकडे गेले नाहीत, आणि ज्यांना जायचं काही कारणही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

वामनराव माझे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे. तारुण्य हातमागावर गेलं, उरलेलं आयुष्य लोकांचे पॉवरलूम दुरुस्त करण्यात. मी गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात साड्या उलगडून दाखवतो आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घड्या घालतो. असल्या कामानंतर माणसाला जे हवं असतं ते आम्हाला दर रविवारी कन्हान नदीवर मिळायचं. पाण्यात गळ टाकायचा, काठावर बसायचं आणि कुणाशी काही बोलायचं नाही. बायको गेल्यापासून वामनराव एकटेच राहायचे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. मीच दुकानातून आल्यावर दार ढकललं.

त्यांची एकुलती एक लेक वर्षा वारासिवनीला दिलेली आहे, पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात. ती धावत आली, बापाचा सुजलेला पाय पाहिला आणि म्हणाली, "बाबा, आता इथं राहणं बस झालं. माह्याकडे चला."

वामनरावांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "तिकडे मासे आहेत का वं?"

मला हसू आलं. वर्षाला नाही आलं. ती म्हणाली, "आहेत ना. या अन् पाहून घ्या."

"पाहतो. पाय बरा झाला की मनोहरले घेऊन येतो. निकाल त्याच्याच हाती."

अशा रीतीने मी न्यायाधीश झालो. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की या न्यायाधीशाचा निकाल आधीच ठरलेला आहे. वामनराव गेले तर रविवारी माझ्या शेजारी कोण बसणार? पण न्यायाधीशाला असलं कुणी विचारत नसतं.

खापा, कन्हानच्या काठी

पहिली संधी अर्थातच महाराष्ट्राला. सावनेरच्या अलीकडे खाप्याला कन्हान नदी छान पसरट होते, आणि आमची नेहमीची जागाही तिथेच. मी मुद्दाम चांगली कणीक मळून नेली होती, तीत हळद आणि शेंगदाण्याचा कूट. घरी आम्हाला कुणी इतक्या मायेने पोळ्या करून वाढत नाही.

दुपारपर्यंत महाराष्ट्राने आम्हाला बोटाएवढ्या चिलापी दिल्या, आणि एक चप्पल. चप्पल डाव्या पायाची होती. मी ती चटकन लांब फेकली, पण वामनरावांनी पाहिली होतीच.

"हे धरायचं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ही वाहून आली. कन्हान मध्य प्रदेशातून येते."

"मंग चिलापीही तिकडूनच आल्या असन."

मी गळाला नवी कणीक लावली. आमच्या सगळ्या नद्यांची हीच अडचण आहे. पाणी तिकडून येतं, आणि अभिमान आम्ही इकडे बाळगतो.

माडगी, वैनगंगेच्या काठी

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. तर्रीपोहे खाल्ल्याशिवाय वामनराव जिल्हा ओलांडत नाहीत, म्हणून वाटेत थांबलो. तर्री एवढी जहाल होती की पुढचे कितीतरी मैल आम्ही दोघंही खिडकीकडे तोंड करून होतो. मी तर गाडी चालवत होतो.

तुमसरजवळ माडगीला वैनगंगा लागते. नदीतल्या खडकावर नरसिंहाचं देऊळ आहे, आजूबाजूला धान कापणीला आलेलं. महाराष्ट्राला ही दुसरी आणि शेवटची संधी द्यायची असं मी ठरवलं होतं. न्यायाधीशाला तेवढा अधिकार असतोच.

गळ टाकून बसलो तोच एक गृहस्थ मागे येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, हातात छत्री, पावसाचा मात्र पत्ता नाही. आपल्याकडे गळ टाकणाऱ्याच्या मागे असा एक माणूस हजर होतोच. त्याने कधी मासा धरलेला नसतो, पण तो कसा धरावा हे त्याला माहीत असतं.

"गळ डावीकडे टाका," ते म्हणाले. मग म्हणाले, "कुठून आले?" मग म्हणाले, "काहून आले?"

वामनरावांनी खरं ते सांगितलं. कोणत्या राज्यात मासे जास्त ते पाहायला निघालो आहोत.

गृहस्थांचा चेहरा उजळला. "अन् विदर्भ वेगळा झाला तं? मंग हे मासे कोणाचे?"

आम्ही हा मुद्दा विचारात घेतला नव्हता. त्यांनी मात्र घेतला होता, आणि चांगला बारकाईने घेतला होता. पाणी किती पळवलं, वीज किती पळवली, कोळसा किती पळवला, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. नदीकाठी एवढं भाषण झाल्यावर मासे थांबतील कशाला? शेवटी एक शिंगाडा लागला. शिंगाडा म्हणजे मिशीवाला मासा. हा इतका लहान होता की मिशीच मोठी दिसत होती. वामनरावांनी तो गळावरून सोडवला आणि पाण्यात टाकला.

"अन्याय," गृहस्थ म्हणाले. शिंगाड्यावर की विदर्भावर, ते कळलं नाही.

सीमेवर

तुमसर सोडल्यावर काही वेळाने बावनथडी नदी येते आणि पूल ओलांडला की राज्य बदलतं. बदलतं म्हणजे पाट्या बदलतात. धान तेच, मातीच्या भिंतींवरची भोपळ्याची वेल तीच, रस्त्यात बसलेली म्हैसही त्याच तऱ्हेने बसलेली. कटंगीला चहाला थांबलो तर कप निम्मा आणि साखर दुप्पट. टपरीवाल्याने गाडीचा नंबर पाहून विचारलं, "नागपुर से? दवाखाने का काम था क्या?" मी म्हटलं, आम्ही नागपूरहून आलो आहोत, नागपूरला चाललेलो नाही. तो जरा गोंधळला. त्या भागातली माणसं दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आणि पोरांच्या शिक्षणासाठी नागपूरला येतात. नागपूरचा माणूस काही मिळवायला त्यांच्याकडे निघालाय, हे त्याला पटेना. मासे म्हटल्यावर तर त्याने आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

गाडीत बसल्यावर वामनराव म्हणाले, "मी जन्मलो तेव्हा नागपूर मध्य प्रदेशातच होतं. राजधानी होती."

"म्हणजे तुम्ही आता माहेरी चालले."

ते हसले नाहीत. मग मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "वामनराव, एक सांगा. लेक इतकं बोलावून राहिली, पाय मोडता मोडता वाचला, अन् तुम्ही मासे विचारून राहिले. हा बहाणा आहे का?"

"बहाणा काहून?" ते म्हणाले. "माह्या बापानं माह्या बहिणीच्या घरचं पाणी नाही पेलं. लेकीच्या गावची वेस आली की तो घरचा तांब्या काढे. मी तसा नाही. मी पितो पाणी. पण मनोहर, पाहुणा म्हणून पिणं वेगळं अन् रोज पिणं वेगळं. तिथं मी काय म्हणून बसू? माग मले आता चालवता येत नाही, डोळे गेले. मले येते काय? गळ टाकता येते. आठवड्यातून दोनदा मासे आणून टाकले घरात, तं माणूस कामाचा वाटते. नाहीतं खाटेवरचा पाहुणा, जातच नाही असा."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती. इतका वेळ मी ही एक गंमत समजून चाललो होतो. आता माझ्या हातात आला होता तो एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल, आणि तो ठरणार होता माशांच्या मर्जीवर.

वारासिवनी

वर्षाचं घर कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात आहे. समोरच्या खोलीत अजून एक माग उभा आहे, त्यावर आता कपडे वाळत घालतात. जावई राजेश मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. गोल चेहऱ्याचा, हसरा, सतत घाईत असलेला माणूस. त्याने सासऱ्यासाठी गळाची एक नवीकोरी लाल काठी आणून ठेवली होती, चकचकीत रीळ लावलेली. वामनरावांनी ती हातात घेऊन नव्या नवरीसारखी न्याहाळली आणि म्हणाले, "जावईबापू, हे तं शहरातल्या लोकायचं काम."

"तुम्ही शहरातलेच हो, बाबूजी!" राजेश म्हणाला.

एवढ्यात इहीनबाई, म्हणजे जावयाची आई, बाहेर आल्या. गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी वामनरावांना घरातली सगळ्यात चांगली खुर्ची दिली, दोन उशा लावल्या, पायाची चौकशी केली आणि मग मायेने नियम सांगितले.

"इवाईबुवा, मासे खुशाल आणा. पण मागच्या अंगणात. चूल अलग, बर्तन अलग. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही. एकादशी, चतुर्थी तं नाहीच. श्रावण नाही, कार्तिक नाही."

वामनराव बोटांवर मोजत होते. एका हाताची बोटं संपल्यावर त्यांनी हात खाली ठेवला. कार्तिक परवाच संपला होता, हे मी मध्य प्रदेशाचं नशीब समजतो. पुढचा दिवस बुधवार होता. त्यावर कोणत्याही देवाचा दावा नव्हता.

सकाळी राजेशने आम्हाला पोहे-जलेबी खायला बाजारात नेलं. पोह्यांवर तर्री नाही, शेव आणि वर जलेबी. तिखटाच्या जागी गोड खाणाऱ्या राज्यातले मासे कसे असतील, याचा मी विचार करत होतो. बाजाराच्या कोपऱ्यात मासळीवाला बर्फाची खोकी उघडत होता. आत चांदीसारखे कतले ओळीने निजलेले.

"यहीं के हैं क्या?" मी विचारलं.

"आंध्रा का माल है, साहब. रात को ही उतरा. एकदम ताजा."

मला बरं वाटलं. नागपुरातही हेच ट्रक येतात, हेच खोके उघडतात. म्हणजे मध्य प्रदेशाकडेही आमच्यापेक्षा वेगळं काही नव्हतं. मी आणखी काही विचारणार तोच राजेश म्हणाला, "काका, चला चला, नदीवर ऊन चढेल," आणि आम्हाला गाडीत बसवून आपण मात्र "एक काम आठवलं" म्हणून मागे राहिला. मोटरसायकलने येतो म्हणाला.

बालाघाटच्या पुलापासून बरीच वर, वैनगंगेच्या काठी मोहाची झाडं आहेत. नदी तीच, कालची. फक्त इथं ती तरुण वाटत होती, खडकांवरून आवाज करत जात होती. लोक मात्र वेगळे. आपल्याकडे बघ्या मागे उभा राहून सल्ला देतो. इथला बघ्या आला, राम राम म्हणाला, शेजारी बसला, बिडी पेटवली आणि काही न बोलता माझ्या हातातून काठी घेऊन स्वतःच बसला. तासभर त्याने माझ्या काठीने मासे धरायचा प्रयत्न केला. एकही लागला नाही. मग राम राम म्हणून गेला. कोणती पद्धत बरी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मध्यान्ह झाली. वामनरावांच्या लाल काठीला काही लागलं नव्हतं. मधून मधून ते दोरी काढून पाहायचे, कणीक बदलायचे, पुन्हा टाकायचे. चेहरा हळूहळू बंद होत चालला होता. मला आतून आनंद व्हायला हवा होता. खटला माझ्या बाजूने चालला होता. पण पायाखालची ओली वाळू उकरत बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहून मी नदीला मनातल्या मनात म्हटलं, एक तरी दे बये.

राजेश आला तो डबा घेऊन. सोबत एक झाकलेली बादली, "चाऱ्यासाठी" म्हणाला. "बाबूजी, काका, तुम्ही झाडाखाली जेवून घ्या. काठी मी पाहतो."

"तुम्हाले येते का?" वामनरावांनी विचारलं.

"नुसती पकडून बसायले काय येणं लागते!"

आम्ही मोहाखाली बसून झुणका-भाकर खाल्ली. शेवटचा घास तोंडात असतानाच खालून आरोळी आली. "बाबूजी! लगा! लगा! जल्दी या!"

दुखऱ्या पायाचा माणूस इतका पळू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. काठी खरंच वाकली होती. वामनरावांनी ती हातात घेतली आणि रीळ फिरवू लागले. राजेश गुडघाभर पाण्यात नाचत होता. मासा येत होता, पण तो काही झगडत नव्हता. ओला बारदाना ओढावा तसा मुकाट येत होता. काठावर आला. चांगला मोठा, हातभर कतला. गळ त्याच्या वरच्या ओठात सदऱ्याला बटण लावावं तसा नीट बसवलेला. डोळे खडूसारखे पांढरे.

"हलत काहून नाही?" मी विचारलं.

"बाबूजीनं ओढलाच इतक्या जोरात," राजेश म्हणाला. "दम तुटला बिचाऱ्याचा."

वामनरावांनी वाकून दोन्ही हातांनी मासा उचलला. मीही हात लावला. दुपारचं ऊन, कोमट पाणी, आणि मासा कुल्फीसारखा थंड. कल्ल्यात बर्फाचा एक खडा अजून वितळायचा होता. मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांची नजर माशावरून जावयाच्या भिजलेल्या पँटकडे गेली, तिथून उपड्या पडलेल्या बादलीकडे, आणि तिथून त्याच्या तोंडाकडे. राजेशचं तोंड निकाल पाहायला गेलेल्या लहान पोरासारखं झालं होतं.

वामनरावांनी मासा हातांवर तोलला. मग म्हणाले, "कतला आहे. मस्त आहे. मनोहर, फोटो काढ."

मागच्या अंगणात

संध्याकाळी वर्षाने अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर रस्सा मांडला. खसखस, जवस, काळा मसाला, सगळी आमच्या कोष्ट्यांची सावजी पद्धत. मी शेजारी लसूण सोलत होतो. मासा चिरायला घेतल्याबरोबर तिने कल्ला उचलून पाहिला, नाकाशी नेला आणि मान वर केली.

"काका," ती हळूच म्हणाली, "हा बाजारातला आहे. यायनंच गळाले लावला. मले सांगितलं पण नाही. बाबाले समजलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं." तिने जास्तीचं तिखट घातलं.

तेवढ्यात इहीनबाई पदर नाकाला लावून मागच्या दारात आल्या. कढईत वाकून पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "माय वं! पहिल्याच दिवशी एवढा? इवाईबुवा, तुमच्या हाताले गुण आहे. शनिवारचं जाऊ द्या. शनिवारी चालन."

त्या घरात मासे न खाणाऱ्या इहीनबाई एकट्या, आणि फसलेल्याही त्या एकट्याच.

जेवताना राजेशने माझ्याकडे पाहिलं. "तं काका, निकाल?"

वर्षाचा हात पोळीवर थांबला. वामनराव ताटाकडे पाहत होते. मी कन्हानचा काठ आठवला, रविवारची सकाळ आठवली, शेजारी कुणी न बोलता बसलेलं असण्याचं सुख आठवलं. रस्सा फार तिखट होता, म्हणून मी पाणी पिऊन घेतलं.

"मध्य प्रदेश," मी म्हणालो. "वादच नाही."

परत

आम्ही बावनथडीचा पूल ओलांडला. मग मीच बोललो. "वामनराव, निकाल देताना मी तुमच्याकडे पाहून राहिलो होतो. तो मासा..."

"आंध्राचा होता," ते म्हणाले. "मले समजत नाही का? उमर गेली गळ टाकण्यात. हातात आला तेव्हाच समजलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? दुकान बंद करून, बर्फातला मासा आणून, पँट भिजवून, कोणासाठी करून राहिला तो? म्हाताऱ्या सासऱ्यासाठी. इतकं खोटं कोणी आपल्यासाठी बोलत नाही गा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "वर्षाले समजलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं."

थंडी वाढायच्या आधी वामनराव वारासिवनीला गेले. त्यांची पेटी मीच पोचवून आलो. फोन येतो. तिथं गळाला बारक्या चिलापी लागतात म्हणतात, कधी त्याही नाही. पण जावई दुकानातून आल्यावर रोज विचारतो, बाबूजी, आज काय लागलं? आणि सांगायला काहीतरी लागतं, म्हणून सोमवार, गुरुवार सोडून ते रोज नदीवर जातात. शनिवारीसुद्धा.

मी रविवारी खाप्याला जातो. परवा नदीवरच्या एका ओळखीच्याने शेजारची रिकामी जागा पाहून विचारलं, "तुमचे ते म्हातारे दिसत नाही आजकाल?"

"मध्य प्रदेशात गेले," मी म्हणालो. "तिकडे मासे जास्त आहेत."

त्याने मान हलवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. बोलत मात्र फार होता.